आम्ही बाळं ठेवत नाही

माझ्या मुलीच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक फिकट डाग आहे. लोक विचारतात, पडली का? मी सांगते, नाही, मी घासलं होतं. समोरचा माणूस घाईघाईनं विषय बदलतो. तो विषय बदलला जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. बाळंतपणानंतर डोकं फिरलेली मी पहिली बाई नाही आणि शेवटचीही नसणार. ज्या घरात आत्ता असं काही चाललं असेल, त्या घरातल्या एका तरी माणसाच्या हाती हे पडावं.

* * *

माझं माहेर अहमदपूर. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मार्केट यार्डाजवळ छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिकांवर घर चालतं आणि पत्रकांवर अण्णा जगतात. हुंडा, बुवाबाजी, नळाचं पाणी, शाळेची फी, ज्याचा राग आला त्यावर त्यांनी पत्रक काढलं आणि मी ते बसस्टँडवर वाटलं. वाचायला शिकले ती मुळी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. शाळेत जायच्या आधी मी उलटं वाचायचे आणि पाहुणे आले की अण्णा मला ते करून दाखवायला लावायचे.

माझं नावही त्यांनी क्रांती ठेवलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या लग्नात म्हणाल्या होत्या, "नावच असलं ठेवल्यावर घरात शांती कुटून यायची?" सगळा मांडव हसला. मीसुद्धा.

पहिलं बाळंतपण अहमदपूरला झालं. मुलगी. पाचवीला आत्याबाई नांदेडहून कुंची आणि बाळंतविडा घेऊन एसटीनं आल्या. पाटा-वरवंट्याची पूजा मांडली. शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, अशी आमच्याकडची रीत. अण्णांनी या रीतीवरही कधीकाळी पत्रक काढलं होतं, पण घरात आईपुढे त्यांचं चालत नाही. त्यांनी दुकानातून एक चांगला कागद आणून दिला.

"घ्या. शाई पसरती म्हणून सटवाईची तक्रार नको."

"हसा, हसा व्याहीबुवा," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचं बी तिनंच लिवलंय. म्हनून तर जिंदगीभर कागद काळे करून राहिलाव."

तो माझ्या आठवणीतला शेवटचा धड दिवस.

* * *

त्यानंतर झोप गेली. बाळ झोपलं तरी मी जागी. अंग दमलेलं, डोकं मात्र सणाच्या बाजारासारखं लख्ख आणि गजबजलेलं. मग आवाज यायला लागला. कागदावर पेन चालल्याचा आवाज. भर दुपारी, बाहेर यार्डात हमालांची आरडाओरड चालू असताना, तो सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. पूजेचा कागद आईनं केव्हाच उचलला होता. लिहिणं थांबत नव्हतं.

मग मला बाळाच्या कपाळावर अक्षरं दिसू लागली. बारीक आणि खिळ्यांसारखी उलटी. उलटं वाचायची मला सवयच. मी वाचलं. काय लिहिलं होतं, ते डॉक्टरांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. इथेही सांगणार नाही.

अण्णांना मात्र आवाजाबद्दल सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावायला बसले.

"सटवाई बिटवाई काही नसतं, क्रांती. तुला माहीत आहे."

"मग पेन कुणाचा वाजतोय?"

"वाजत नाहीये."

"तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून? मशीनपाशी बसून तुमचे कान गेलेत, अण्णा. साक्ष कुणाची धरायची, ज्याला ऐकू येतं त्याची की बहिऱ्याची?"

अण्णा हसले. आईला म्हणाले, "डोकं शाबूत आहे पोरीचं. मला हरवायलीय."

"आवो, ती झोपत न्हाई," आई म्हणाली. "जेवत न्हाई. भिंतीकडं बघून हसतीय."

"थकलीय ती. बोलून बोलून निघेल."

असं पुष्कळ दिवस चाललं. ते येऊन बसायचे, मुद्दा मांडायचे, मी तो खोडायचे. आमच्या घरात मुद्देसूद बोलणारा माणूस शहाणा समजतात. अंगात येतं म्हणून देवळात बसवलेल्या दुसऱ्यांच्या लेकींना याच अण्णांनी त्यांच्या भावकीशी भांडून दवाखान्यात नेलं होतं. त्या बायका किंचाळत होत्या, केस मोकळे सोडून घुमत होत्या. मी तसलं काही करत नव्हते. मी वाद घालत होते आणि वाद त्यांनीच शिकवला होता. बुवाकडे मला त्यांनी कधीच नेलं नसतं. पण डॉक्टरकडेही नेलं नाही.

* * *

त्या दुपारी आई दळण आणायला गेली होती. अण्णा दुकानात. मी टॉवेल ओला केला आणि बाळाला मांडीवर घेतलं.

मला वाटत होतं मी तिला वाचवते आहे. हे कुणाला पटो न पटो. मी रागात नव्हते. गुणगुणत होते. अक्षरं निघावीत म्हणून घासत होते आणि ती निघत नव्हती. बाळ रडत होतं ते ऐकू येत होतं, पण शेजारच्या घरातून आल्यासारखं. शाई लाल कशी, एवढंच काय ते कळत नव्हतं.

दारात आत्याबाई उभ्या होत्या. नातीला बघायला न कळवता आल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. पिशवीतले लाडू घरंगळले. एक शब्द न बोलता त्यांनी बाळ माझ्या मांडीवरून उचललं, मोकळ्या हातानं माझ्या थोबाडीत दिली आणि त्या निघून गेल्या. आधी दवाखाना, मग एसटी स्टँड, मग नांदेड.

माझ्या त्या सगळ्या दिवसांत वाद न घालणारं तेवढं एकच माणूस आलं होतं.

* * *

लातूरच्या एका खाजगी मनोरुग्णालयात मला दाखल केलं. जीपमध्ये एका बाजूला अण्णा, एका बाजूला माझा नवरा संतोष. तो किनवटकडच्या निवासी शाळेत वसतिगृहाचा अधीक्षक आहे. निरोप मिळाला तसा निघून आला होता, पायात शाळेतली रबरी चप्पल. वाटभर मीच बोलत होते.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. मग मला नव्हे, आम्हा सगळ्यांना मिळून सांगितलं, "बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो. बाधा नाही, कुणाचं पाप नाही. याला इलाज आहे आणि बहुतेक जणी बऱ्या होतात."

अण्णांनी विचारलं, "पण ती इतकं बरोबर बोलत होती..."

"वाद घालता येतो म्हणजे माणूस बरा आहे, असं नसतं काका."

अण्णांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. बराच वेळ. मला ते चित्र स्पष्ट आठवतं, कारण त्या खोलीत तेवढं एकच माणूस आवाज न करता रडत होतं आणि मला त्याची गंमत वाटत होती.

* * *

वॉर्डात सकाळी घंटा, मग चहा, मग गोळ्यांची रांग. गोळी गिळली की जीभ वर करून दाखवायची. मोबाइल काढून घेतलेला. खिडकीला जाळी आणि जाळीपलीकडे नारळाचं एक झाड, ज्याला नारळ मी कधी पाहिले नाहीत. सुरुवातीचे दिवस इंजेक्शनांच्या धुक्यात गेले.

धुकं विरलं तेव्हा पहिलं काय जाणवलं असेल, तर छाती. दगडासारखी झालेली, तापलेली. लेकरू नांदेडला आणि दूध लातूरला. बाहेर कुठेही बाळ रडलं की ब्लाउज भिजायचा. कधी कुणी रडलेलंच नसायचं, तरीही भिजायचा. तेव्हा मला भीती वाटायची, की पेनचा आवाज गेला आणि आता हा आला.

शेजारच्या खाटेवर उदगीरच्या रहमतबी होत्या. वय झालेलं, हातात तसबीह, जपाची माळ. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्टीलचा पेला आणून समोर धरला.

"रोती कायकू? दूध निकाल दे. नै तो गाठा पडते."

"फेकून द्यायचं?"

"अब्बी फेक. तेरी बच्ची आयी तो फिर आता दूध. उसकू बी मालूम रहता."

त्यांनी पाठीला गरम फडकं लावलं आणि पिळून काढायला शिकवलं. पेला रोज त्याच नेऊन रिकामा करायच्या, मला नेऊ द्यायच्या नाहीत.

रहमतबी बऱ्या होऊन बरेच दिवस झाले होते. डॉक्टरांनी तसं लिहिलं होतं. पण मुलगे न्यायला येत नव्हते आणि दवाखाना म्हणायचा, घरचं माणूस आल्याशिवाय सोडता येत नाही. चार लेकरं वाढवलेली बाई, तिला दाराबाहेर पडायला सही करणारा पुरुष लागत होता. संताप येण्याइतकी मी बरी झाले, ती हे ऐकून.

* * *

मी डॉक्टरबाईंना विचारलं, बाळाला भेटता येईल का. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला तिला तुमच्यापासून दूर ठेवणं बरोबरच होतं. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण मला कुणी विचारलंच नाही. आता सिस्टरसमोर भेट व्हायला हरकत नाही, व्हायलाच हवी."

मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "आम्ही बाळं ठेवत नाही. नियम आहे."

"ठेवू नका, भेटू तर द्या. आणि कुठला नियम?"

"इथला."

हे ऐकलं आणि मला एक पत्रक आठवलं. काही वर्षांपूर्वी आरोग्य कार्यकर्त्यांच्या एका गटानं अण्णांकडे छापून घेतलं होतं, मानसिक आजार असलेल्यांच्या हक्कांविषयी. प्रुफं मी तपासली होती. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं एकविसावं कलम त्यात होतं. दाखल झालेल्या बाईचं मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, तर ते तिच्यापासून सहसा तोडू नये. धोका असेल तर तोडता येतं, पण ते तपासून ठरवायचं डॉक्टरांनी. तेही तात्पुरतं. निर्णय पुन्हापुन्हा तपासायचा. आणि दूर ठेवलेल्या काळातही, कुणाच्या तरी देखरेखीत, आईला मूल भेटलं पाहिजे.

पत्रकात सगळीकडे "अशा व्यक्तींना" असं छापलं होतं. अशा व्यक्तींना उपचार नाकारता येणार नाहीत. अशा व्यक्तींना मोफत वकील मिळेल. प्रुफं तपासताना मला त्यात काही खटकलं नव्हतं. आता मी खाटेवर बसून ती वाक्यं आठवत होते आणि प्रत्येक वाक्यात कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवत होतं.

भेटीच्या दिवशी अण्णांना म्हणाले, "ते पत्रक आणा. आणि वकील."

त्यांनी हुज्जत घातली नाही. वाद घालायचं त्यांनी त्या दिवसांत सोडूनच दिलं होतं.

* * *

संतोष किनवटहून आला, तेव्हा त्याला वकिलाचं कळलं होतं.

"कायदा कशाला मधी आणायलीस? घरचं आहे आपलं."

"घरचं असतं तर मला विचारलं असतं."

"कुणाला विचारायचं होतं गं? तू तेव्हा..." तो जाळीकडे बघत म्हणाला, "घरात सगळे म्हणतेत, फारकत घे. वेडाच्या कारणावर मिळते म्हणे. लेकरू बी आपल्याकडंच राहतं."

"तू काय म्हणतोस?"

"मी मुकाट बसतो."

तो खोटं बोलत नाही, हा त्याचा गुण. त्या दिवशी मला तो मारहाणीसारखा लागला. मी पूर्ण बरी होऊन बाहेर पडले तरी माझी मुलगी मला मिळणार नव्हती. ती माझी होती हेच हळूहळू सगळे विसरणार होते. आणि कुणी दुष्ट नव्हतं. सगळे घाबरलेले होते.

मोफत सल्ल्याच्या कार्यालयातून मिळालेल्या वकीलबाई जवळच्या मुरुडहून रोज लातूरला येऊनजाऊन करायच्या. डब्यातली भाकरी खात खात त्यांनी माझं सगळं ऐकलं. रुग्णांच्या तक्रारी ऐकणारं जे सरकारी फेरआढावा मंडळ असतं, त्याला अर्ज लिहिला, डॉक्टरांचं मत जोडलं. एक अर्ज रहमतबींचाही केला. त्यांना जाता येईल, असं पुढे ठरलं. जायचं कुठे, हे मात्र कुठल्याच कलमात नव्हतं. मी निघाले तेव्हा त्या तिथेच होत्या. अजूनही कधी दुपारी मला त्यांचा पेला दिसतो.

माझ्या अर्जाची नक्कल पोचली तसा दवाखान्याचा नियम कुठेतरी गेला. मंडळासमोर जायची वेळच आली नाही. आत्याबाईंना निरोप गेला, बाळाला घेऊन या.

* * *

त्या आल्या. बाळ मोठं दिसत होतं, अंगाला दुसऱ्याच तेलाचा वास. बाकाच्या त्या टोकाला आत्याबाई बसल्या, या टोकाला मी, मध्ये सिस्टर.

"आनलंय. बग तिथूनच."

"जवळ द्या हो मावशी," सिस्टर म्हणाली. "मी आहे ना."

"तू हायस. त्या दिवशी कुटं व्हतीस?"

आत्याबाईंचा तळवा बाळाच्या कपाळावर होता. डोकं धरावं तसा नव्हे, झाकावं तसा.

"हात काढा, आत्याबाई. बघू द्या मला."

"काय बगायचंय? तुजंच काम हाय."

"म्हणूनच."

त्यांनी हात काढला. खपली पडून गेलेली, कोवळी कातडी. मी वाचायचा प्रयत्न केला. हो, केला. एकेक रेष बघत गेले. कातडीच होती, दुसरं काही नव्हतं.

बाळ माझ्या मांडीवर आलं आणि रडायला लागलं. आत्याबाईंकडे मान वळवत होतं. माझं दूध जवळजवळ आटलेलं, तरी तेवढ्यात ब्लाउजवर दोन ओले डाग उमटले. दारातला वॉचमन बघत होता. आत्याबाई उठल्या, त्याच्या आणि माझ्या मधे उभ्या राहिल्या आणि आपला पदर पसरून धरला.

"पाज," त्या म्हणाल्या. "बगते मी."

बाळानं तोंड लावलं नाही. पण पदर तसाच धरलेला होता, सिस्टर वेळ झाली म्हणेपर्यंत.

* * *

आता मी नांदेडला सासरी आहे. फारकतीचं बोलणं कुणी काढत नाही. मिटलं म्हणून की माझ्या वकीलबाईंच्या धाकानं, ते मला माहीत नाही. मुलगी चालते, आत्याबाईंना "माय" म्हणते आणि मला नावानं हाक मारते, घरात ऐकते तशी. मी तिला न्हाऊ घालते तेव्हा न्हाणीघराचं दार उघडं असतं आणि आत्याबाई उंबऱ्यात काहीतरी निवडत बसलेल्या असतात. कधी घर एकदम शांत होतं तेव्हा मी कान देऊन ऐकते. काही ऐकू येत नाही. तरी ऐकते.

डॉक्टरबाईंनी सांगितलंय, पुन्हा बाळंतपण झालं तर आजार परतू शकतो. एरवीही परतू शकतो. कायद्यानं एक सोय ठेवली आहे. शुद्धीत असताना आपण लिहून ठेवू शकतो, की आजारी पडले तर माझ्याशी कसं वागावं आणि माझ्या वतीनं बोलायला कोण असावं. त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. ज्याला आपण नेमतो तो आपला नामनिर्देशित प्रतिनिधी. मी लिहायला बसले आणि त्या नावापाशी अडले.

अण्णा माझ्याशी वाद घालतील. संतोष मुकाट बसेल. दोघांचा माझ्यावर जीव आहे आणि दोघे वाट बघतील, उद्या बरी होईल म्हणून. वाट न बघणारं माणूस मला एकच माहीत होतं.

आत्याबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी कागद घेऊन शेजारी बसले आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी देठ मोडत मोडत ऐकलं.

"म्हंजे तुजं डोकं फिरलं की मी सांगायचं, हिला दवाखान्यात न्या?"

"हो. लगेच."

"आन लेकरू?"

"तुमच्याजवळ. डॉक्टर सांगतील तोवर."

"बापाचं नाव सोडून माजं?"

"तुमचंच."

मेथीची जुडी संपली. मग म्हणाल्या, "आधी दुसरं लिव."

"काय?"

"लेकरू रोज आईला दाखवायचं, असं लिव. पयलं तेच. मोठ्या अक्षरात."

"ते कायद्यात आहेच, आत्याबाई."

"कायदा गेला चुलीत. माज्या नावाखाली लिव. मी भेले की मला काई दिसत न्हाई, क्रांती. त्या टायमाला बी दिसलं न्हाई. तू वरडशील, रडशील, मी देनार न्हाई. लेकरू उचलून पळून जाईन मी." त्यांनी हात पदराला पुसला आणि पेनसाठी पुढे केला. "म्हनून लिहून घे माज्याकडून. आन सही झाली की वाचून दाखव."